कण्यावरचे आकडे का हलतात?

महाविद्यालयाच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात संगणकावरची पुस्तके शोधून पाहा. काही ००१.६४ या आकड्यावर सापडतील. कचेरीच्या कामकाजाच्या पुस्तकांत, ६५१.८ वर, एखाद-दुसरे निघेल. आणि नवी सगळी ००४, ००५, ००६ या आकड्यांवर ओळीने उभी असतील. विषय एकच, पण कपाटे तीन. पहिल्यांदा वाटते, कुणाचा तरी हलगर्जीपणा झाला असणार. प्रत्यक्षात तिन्ही पुस्तके आपापल्या जागी बरोबर आहेत. ती वेगवेगळ्या वर्षी दाखल झाली आणि दरम्यान संगणकाची जागाच बदलली.

पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा आकडा कायमचा असतो, असे आपण गृहीत धरतो. पण ज्या तक्त्यातून तो येतो, त्या तक्त्याच्या आवृत्त्या निघतात, त्यात नवे विषय शिरतात, जुने हलतात, काही आकडे रिकामे पडतात. हे बदल कोण करतो, कशासाठी करतो आणि ते इतके सावकाश का होतात, हे समजले की तोच कोरडा आकडा बरेच काही सांगू लागतो.

एका आकड्याची फोड

मराठी कादंबरीचा आकडा घेऊ : ८९१.४६३. यातला पहिला ८ म्हणजे साहित्य. ८९ म्हणजे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा मोजक्या युरोपीय भाषा सोडून उरलेल्यांचे साहित्य. ८९१.४ म्हणजे आधुनिक भारतीय आर्यभाषांचे साहित्य, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि शेवटचा ३ म्हणजे कथात्मक साहित्य. तिथे १ असता तर कविता, २ असता तर नाटक. डावीकडून उजवीकडे एकेक अंक वाढतो तसा विषय बारीक होत जातो. याला ड्युई दशांश वर्गीकरण म्हणतात आणि अशा आकड्याला वर्गांक.

ही व्यवस्था जमिनीच्या गट नंबरासारखी चालते. एकदा मोजणी होऊन गट पडले, की वारसांत वाटणी झाली तरी नवा गट मिळत नाही. जुन्याच नंबराला पोटहिस्से पडत जातात. ज्याच्या वाट्याला मोजणीच्या दिवशी मोठा गट आला, त्याच्या नातवंडांचे नंबरही आटोपशीर राहतात. ज्याला कोपऱ्यातला तुकडा मिळाला, त्याच्या वारसांचे नंबर लांबत जातात. इंग्रजी कादंबरीचा वर्गांक ८२३, तीन अंकांत संपतो. मराठी कादंबरीला सहा अंक लागतात. या फरकाचा साहित्याच्या थोरवीशी काही संबंध नाही. मोजणी कुठे आणि कधी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

१८७६ सालची मोजणी

ती झाली अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट महाविद्यालयात. मेलविल ड्युई या चोवीस वर्षांच्या तरुणाने १८७६ मध्ये ४४ पानांची एक पुस्तिका छापली. त्यावर लेखकाचे नावही नव्हते. त्याआधी बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे कपाटाचा आणि फळीचा क्रमांक असे. कपाट भरले की पुढच्या पुस्तकांची पंचाईत होई आणि ग्रंथालय नव्या इमारतीत गेले की सगळे क्रमांक निकामी होत. ड्युईने क्रमांक कपाटापासून सोडवून विषयाला बांधला. कपाट कुठेही न्या, आकड्यांचा क्रम तोच राहतो. शिवाय दोन पुस्तकांच्या मध्ये तिसरे कितीही वेळा घालता येते, कारण दशांश चिन्हापुढे जागा संपत नाही.

ज्ञानाचे त्याने दहा वर्ग केले, प्रत्येकाचे दहा विभाग आणि प्रत्येक विभागाचे दहा उपविभाग. एकूण हजार घरे. ही हजार घरे एका अमेरिकी महाविद्यालयातल्या तेव्हाच्या पुस्तकांकडे पाहून आखलेली होती. त्याच वर्षी अलेक्झांडर ग्राहम बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले होते. विमान, आकाशवाणी, संगणक यांचा पत्ता नव्हता. मानसशास्त्र अजून स्वतंत्र विज्ञान झाले नव्हते, म्हणून ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात, १५० वर बसले. आजही ते तिथेच आहे.

बदल का करावा लागतो?

पहिले कारण उघड आहे : नवे विषय येतात. पण विषय निघाला म्हणून लगेच त्याला आकडा मिळत नाही. त्यावर पुरेशी पुस्तके निघाली पाहिजेत. वर्गीकरण पुस्तकांचे करायचे असते, कल्पनांचे नाही, हा यामागचा नियम. त्यामुळे तक्ता ज्ञानाच्या मागून चालतो. संगणक आला तेव्हा तो आधी हिशेबाचे यंत्र म्हणून कचेरीच्या कामकाजात आणि माहितीवरच्या प्रक्रियेचे साधन म्हणून ००१.६ मध्ये दाटीवाटीने बसवला गेला. पुस्तकांचा लोंढा सुरू झाल्यावर ती जागा पुरेना. शेवटी १९८५ मध्ये ००४ ते ००६ ही तीन मोकळी घरे त्याला दिली गेली आणि १९८९ च्या विसाव्या आवृत्तीत ती छापून आली.

काही वेळा विषय तोच राहतो, पण त्याची ओळख बदलते. प्लूटो हा ग्रह होता तेव्हा त्याचा वर्गांक ५२३.४८२, म्हणजे नेपच्यूनच्या शेजारी. २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी त्याला बटुग्रह ठरवल्यावर त्याची पुस्तके ५२३.४९ खाली गेली.

दुसरे कारण नकाशा. देश फुटतात, जुळतात, नावे बदलतात. भारताच्या इतिहासाचा ९५४ हा आकडा फाळणीपूर्वीच्या अखंड भारताला धरून होता. आज पाकिस्तान ९५४.९१ वर आणि बांगलादेश ९५४.९२ वर आहे. म्हणजे वेगळे देश झाले तरी आकड्यात ते ९५४ च्याच छपराखाली राहिले. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ वर येतो.

तिसरे कारण जास्त नाजूक आहे : समाजाची नजर बदलते. ड्युईच्या तक्त्यात ३९५ हा आकडा शिष्टाचाराचा, ३९८ लोकसाहित्याचा. मध्ये ३९६ वर स्त्रिया आणि ३९७ वर भटके लोक. म्हणजे स्त्रीच्या सामाजिक स्थानावरचे पुस्तक जेवणाच्या टेबलावर कसे वागावे हे सांगणाऱ्या पुस्तकाशेजारी. आज स्त्रियांविषयीचे ग्रंथ समाजातील गटांच्या विभागात, ३०५.४ वर आहेत. आताचा तक्ता उघडला तर ३९५ नंतर एकदम ३९८ येतो. मधली दोन घरे रिकामी आहेत. समलैंगिकताही एके काळी मनोविकारांच्या आकड्यांखाली होती. आज तिची जागा समाजशास्त्रात ३०६.७६ वर आहे.

असे बदल दर वेळी तक्ता करणाऱ्यांनी आपणहून केले असेही नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर १९३० पासून कृष्णवर्णीयांविषयीचा ग्रंथसंग्रह उभा करत होत्या. इतर ग्रंथालयांत काय चालते हे पाहताना त्यांना आढळले, की कृष्णवर्णीय लेखकाचे पुस्तक कशावरही असो, ते ३२६ म्हणजे गुलामगिरी किंवा ३२५ म्हणजे वसाहती व स्थलांतर यांत टाकले जाते. कवितासंग्रहसुद्धा. पोर्टर यांनी आपल्या संग्रहात कवितेला कवितेत आणि इतिहासाला इतिहासात ठेवले. अधिकृत तक्ता बदलण्याची वाट न पाहता ग्रंथपाल आपल्या कपाटापुरता बदल करू शकतो, त्याचे हे ठळक उदाहरण.

मग सगळे एकदम का बदलत नाहीत?

कारण आकडा कागदावर बदलणे सोपे, कपाटात बदलणे महाग. एकाच पुस्तकाचा वर्गांक बदलायचा तर काय काय करावे लागते? पुस्तक फळीवरून काढायचे. कण्यावरची चिठ्ठी खरवडून नवी लावायची. आतल्या पानावरचा आकडा खोडून नवा लिहायचा. तालिकेतली त्याची पत्रे शोधून दुरुस्त करायची. लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे पत्र वेगळे असते. दाखल नोंदवहीत फेरफार करायचा. मग पुस्तक नव्या कपाटात न्यायचे आणि तिथे जागा नसेल तर पुढची सगळी पुस्तके सरकवायची. हे एका पुस्तकाचे झाले. संगणकामुळे तालिकेचे काम हलके झाले, पण चिठ्ठी अजूनही हातानेच बदलावी लागते.

ड्युईला ही अडचण फार लवकर कळली. १८८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने काही विषय हलवले आणि त्याच वेळी ग्रंथपालांना हमी दिली, की आता आकडे ठरले. यापुढे तपशील वाढेल, पण दिलेल्या आकड्याचा अर्थ बदलणार नाही. तक्ता जगभर पसरला त्यात या हमीचा मोठा वाटा होता. पण तिच्यामुळेच १८७६ ची मोजणी जणू दगडावर कोरली गेली. तेव्हापासून प्रत्येक संपादकापुढे तोच पेच आहे : ज्ञानाशी इमान राखायचे, की ग्रंथपालाला दिलेल्या शब्दाशी?

बदलाचे चार मार्ग

या पेचातून वाट काढण्याच्या चार रीती रुळल्या.

पहिली, विस्तार. आकड्याला पोटहिस्से पाडायचे. जुनी पुस्तके जागची हलत नाहीत, नव्यांना बारीक आकडा मिळतो. हा सर्वांत स्वस्त मार्ग, म्हणून सर्वांत जास्त वापरला जाणारा.

दुसरी, आकसणे. एखाद्या विषयावर पुस्तके येईनाशी झाली, की त्याचा बारीक आकडा बंद करून तो वरच्या मोठ्या आकड्यात मिसळायचा.

तिसरी, स्थलांतर. विषय एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचा. इथे खरी खबरदारी घ्यावी लागते. रिकामे झालेले घर लगेच दुसऱ्या विषयाला दिले, तर ज्या ग्रंथालयांनी जुनी पुस्तके हलवलेली नाहीत, तिथे एकाच आकड्यावर दोन भलतेच विषय शेजारी येतील. म्हणून रिकामे घर शक्यतो काही वर्षे पडीक ठेवतात. ड्युईवरून युरोपात विकसित झालेल्या सार्वत्रिक दशांश वर्गीकरणात तर भाषाशास्त्र १९६० च्या दशकात साहित्याशेजारी, आठव्या वर्गात नेल्यापासून चौथा वर्ग आजतागायत रिकामा आहे.

चौथी रीत म्हणजे संपूर्ण पुनर्रचना. एखाद्या विषयाची सगळी घरे पाडून त्याच जागेवर नव्याने आखणी करायची. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्यावरून अशा तक्त्यांना 'फिनिक्स' म्हणू लागले. १९५८ मध्ये रसायनशास्त्राचे दोन विभाग, १९६५ मध्ये मानसशास्त्र, १९७१ मध्ये कायदा आणि गणित, १९८९ मध्ये संगीत असे या पुनर्रचनेतून गेले. एका आवृत्तीत मोजकेच विषय घ्यायचे हे पथ्य मात्र पाळले जाते, कारण त्याहून जास्त धक्का ग्रंथालयांना पेलत नाही.

१९५१ ची फजिती

पेलत नाही हे कळले ते एका आवृत्तीच्या फजितीतून. १९४२ च्या चौदाव्या आवृत्तीपर्यंत तक्ता फुगून सुमारे ३१ हजार नोंदींवर गेला होता. काही विषयांत बारकावे अतोनात, तर काही विषय जुन्या काळातच अडकलेले. १९५१ च्या पंधराव्या आवृत्तीत संपादकांनी धाडस केले. नोंदी छाटून पाच हजारांच्याही खाली आणल्या आणि शेकडो विषय नव्या जागी हलवले. कागदावर तक्ता सुटसुटीत, आधुनिक झाला. ग्रंथपालांनी तो उघडला आणि मिटला. मोठ्या ग्रंथालयांना इतके थोडे आकडे पुरेनात, लहान ग्रंथालयांना इतकी पुस्तके हलवणे परवडेना. अनेकांनी सरळ चौदावी आवृत्तीच वापरणे चालू ठेवले.

१९५८ च्या सोळाव्या आवृत्तीत बेंजामिन कस्टर या नव्या संपादकाने तपशील बराचसा परत आणला, हलवलेले पुष्कळ विषय मूळ जागी नेले आणि बदल तुकड्या-तुकड्याने करण्याचे धोरण धरले. वर्गीकरण वापरणाऱ्यांच्या संमतीवर चालते, हा या फजितीचा धडा. तक्त्याचे संपादन १९२३ पासून अनेक दशके वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून झाले आणि १९८८ पासून त्याची मालकी ओसीएलसी या ग्रंथालय-संस्थेकडे आहे. बदलांचे प्रस्ताव आधी ग्रंथपालांच्या समितीपुढे जातात. २०११ ची तेविसावी आवृत्ती चार खंडांत निघाली. आता छोटे बदल संगणकावरच्या तक्त्यात वेळोवेळी होत राहतात.

धर्माच्या वर्गाची दुरुस्ती

सर्वांत जास्त टीका झाली ती धर्माच्या २०० या वर्गावर. २२० ते २८० ही सात दशके ख्रिस्ती धर्माला आणि उरलेले सगळे जग २९० मध्ये. बायबलचा वर्गांक २२०. भगवद्गीतेचा २९४.५९२४. बारीक गीतेच्या कण्यावर हा आकडा एका ओळीत मावत नाही, दोन ओळींत तोडावा लागतो.

ही दुरुस्ती कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. २०१ ते २०९ हे आकडे धर्माच्या सर्वसाधारण बाबींसाठी असायला हवे होते, पण तिथेही ख्रिस्ती धर्मच होता. १९९६ च्या एकविसाव्या आवृत्तीत तो मजकूर पुढे, ख्रिस्ती धर्माच्या विभागांत नेला गेला. मोकळी झालेली घरे लगेच भरली नाहीत. २००३ च्या बाविसाव्या आवृत्तीत ती सर्व धर्मांच्या तौलनिक अभ्यासाला मिळाली. १९९६ मध्येच २९६ वरचा यहुदी धर्म आणि २९७ वरचा इस्लाम यांना सविस्तर पोटहिस्से मिळाले. ख्रिस्ती धर्माची सात दशके मात्र तशीच राहिली. ती हलवायची तर जगभरातल्या चर्चच्या, विद्यापीठांच्या आणि गावोगावच्या ग्रंथालयांना लाखो चिठ्ठ्या बदलाव्या लागतील.

सार्वत्रिक दशांश वर्गीकरणाने २००० मध्ये हे धाडस केले. तिथे धर्मांची मांडणी नव्याने झाली : २३ वर हिंदू धर्म, २४ वर बौद्ध धर्म, २६ वर यहुदी, २७ वर ख्रिस्ती, २८ वर इस्लाम. म्हणजे प्रश्न काय करावे हे न कळण्याचा नव्हता. खर्च कोण सोसणार, एवढाच होता.

भारतातले दोन प्रयोग

भारतात ही अडचण शंभर वर्षांपूर्वीच जाणवली होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. ड्युईचा तक्ता जसाच्या तसा न उचलता बॉर्डनने त्यात चार्ल्स कटर या दुसऱ्या अमेरिकी तज्ज्ञाच्या पद्धतीची सांगड घालून बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरण तयार केले.

त्याहून मूलगामी काम केले शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. गणिताचे हे प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला : त्याच पट्ट्या, तेच स्क्रू आणि त्यातून दर वेळी नवे यंत्र. त्यांना वाटले, विषयही असाच जोडता आला पाहिजे. १९३३ मध्ये त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्यात तयार आकड्यांची यादी नाही, सुटे घटक आहेत. वैद्यकाला एल हे अक्षर, फुप्फुसांना ४५, क्षयरोगाला ४२१, उपचारांना ६, भारताला ४४. फुप्फुसांच्या क्षयावर भारतात होणाऱ्या उपचारांचे पुस्तक आले, की हे तुकडे ठरलेल्या क्रमाने, मध्ये विरामचिन्हे घालून जोडायचे. नवा विषय आला तरी तक्ता मोडावा लागत नाही.

गंमत अशी, की ही लवचीक पद्धतही त्याच खिंडीत अडकली. रंगनाथन स्वतः आवृत्तीगणिक सुधारणा करत राहिले. सुरुवातीला फक्त द्विबिंदू होता, पुढे स्वल्पविराम, अर्धविराम, टिंब अशी वेगवेगळी चिन्हे आली. त्यांच्या निधनानंतर १९८७ मध्ये सातवी आवृत्ती निघाली, ती इतकी निराळी होती की ही पद्धत वापरणारी बहुतेक ग्रंथालये सहाव्या आवृत्तीवरच थांबली. तक्ता लवचीक असला, तरी चिकटवलेली चिठ्ठी लवचीक नसते. मात्र घटक जोडण्याची त्यांची कल्पना टिकली. ड्युईच्या तक्त्यातही १९७१ च्या आवृत्तीत जोडायच्या पूरक सारण्या दोनाच्या सात झाल्या.

माग कसा काढायचा?

हे बदल हुडकायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. एक विषय निवडा आणि ग्रंथालयात तक्त्याच्या जेवढ्या आवृत्त्या असतील तेवढ्यांत त्याचा आकडा पाहा. चौकटी कंसातला आकडा म्हणजे रिकामे घर. तिथे कधी काळी कोण राहत होते, हा पहिला प्रश्न. नोंदीशेजारी 'पूर्वी अमुक आकड्यावर' अशी टीप दिसली, की स्थलांतराचा पत्ता हाती आला. आकडा लांबलचक असेल तर तो विषय मूळ मोजणीत नव्हता किंवा कोपऱ्यात होता असे समजावे. अमेरिकेत छापलेल्या पुस्तकाच्या मुद्रणविषयक पानावर वर्गांकापुढे 'डीसी २२' किंवा 'डीसी २३' असे लिहिलेले असते. तो आकडा कोणत्या आवृत्तीतून घेतला, याचीच ती खूण.

आणि आपल्या ग्रंथालयातले आकडे छापील तक्त्याशी जुळले नाहीत, तर चूकच झाली असे मानू नये. ज्या वाचनालयात निम्म्याहून अधिक पुस्तके मराठी कादंबऱ्या आहेत, तिथे सगळ्यांवर ८९१.४६३ लिहून काही साधत नाही. आपल्या भाषेच्या साहित्याला आखूड आकडा किंवा अक्षर देण्याची मुभा ड्युईचा तक्ताच देतो. 'कादंबरी', 'नाटक', 'चरित्र' अशा पाट्या लावून पुस्तके मांडणाऱ्या वाचनालयांनी हा निवाडा आपल्या वाचकांकडे पाहून केव्हाच केलेला असतो.

थोडक्यात

• वर्गांक विषयाला बांधलेला असतो, कपाटाला नाही. १८७६ मध्ये आलेल्या या कल्पनेमुळे पुस्तकांत पुस्तके घालत जाणे शक्य झाले.

• बदलाची कारणे तीन : नवे विषय, बदललेला नकाशा, बदललेली सामाजिक नजर.

• बदलाच्या रीती चार : विस्तार, आकसणे, स्थलांतर, संपूर्ण पुनर्रचना.

• रिकामा झालेला आकडा शक्यतो काही वर्षे पडीक ठेवतात, म्हणजे एका आकड्यावर दोन विषयांची गर्दी होत नाही.

• बदल किती होणार हे तज्ज्ञांच्या मताइतकेच, किंबहुना जास्त, चिठ्ठ्या बदलण्याच्या खर्चावर ठरते. १९५१ च्या आवृत्तीची फजिती हा त्याचा पुरावा.